दीक्षारंभाची आखणी: नवा विद्यार्थी परिसरात रुळावा यासाठी

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना परिसराचा परिचय करून देणाऱ्या दीक्षारंभ कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा मीही तो एका दिवसाचा समारंभ म्हणूनच आखला होता. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे सत्कार, विभागप्रमुखांचा परिचय, परीक्षा विभागाचे भाषण, ग्रंथालयाची माहिती आणि शेवटी अल्पोपाहार असे सर्व काही वेळेत पार पडले. सायंकाळी सभागृहातील खुर्च्या उचलल्या जात असताना एक विद्यार्थिनी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फाईलमध्ये तिची मूळ कागदपत्रे होती आणि ती फाईल तिने दिवसभर मांडीवर धरून ठेवली होती, कारण कागदपत्रे कोठे द्यायची हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने हळू आवाजात विचारले, “मॅडम, इथे मुलींचे स्वच्छतागृह कुठे आहे?” ती सकाळी नऊ वाजल्यापासून तेथे बसलेली होती.

त्या प्रश्नानंतर मी कार्यक्रमाची आखणी उलट बाजूने करू लागले. वक्ते कोण, विषय कोणते, असे ठरवत बसण्याऐवजी सहा आठवड्यांनंतर नव्या विद्यार्थ्याची स्थिती काय असावी, हे आधी ठरवावे आणि मग मागे येत प्रत्येक दिवस भरावा. माझ्या मते ती स्थिती अशी असावी: प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा एक शिक्षक, त्याच्या वाटेने पुढे गेलेला एक ज्येष्ठ विद्यार्थी आणि वर्गातील किमान दोन सोबती त्याला मिळालेले असावेत, आणि अडचण आली तर कोणत्या दारावर जायचे हे त्याला ठाऊक असावे. परिसराचे वातावरण सुधारणे हा शब्दप्रयोग मोठा वाटतो. प्रत्यक्षात ते काम एवढ्या चार गोष्टींत मावते आणि त्या चारही गोष्टी मोजता येतात.

या कामासाठी अधिकृत आधार पुरेसा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांसाठी नियमित अध्यापनापूर्वी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सुचवलेला आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सर्व विद्यापीठांसाठी ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. त्यांच्यामागे गांधीनगरच्या आयआयटीने २०११ पासून चालवलेल्या पाच आठवड्यांच्या पायाभूत कार्यक्रमाचा अनुभव आहे. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांना तीन आठवडे अध्यापन थांबवणे शक्य होत नाही, हे मान्य केले पाहिजे. अशा ठिकाणी पहिले चार दिवस पूर्ण वेळ आणि पुढील सहा आठवडे दर आठवड्याला दोन तास अशी विभागणी अधिक उपयोगी पडते. पहिल्या दिवशी सांगितलेल्या गोष्टींपैकी फारच थोड्या मनात राहतात, आणि प्रश्न पडायला लागतात ते दुसऱ्या आठवड्यानंतर.

तयारी मार्चमध्ये सुरू करावी

नव्या तुकडीसाठीची पहिली बैठक मार्चमध्ये घ्यावी आणि तिच्यात प्रथम वर्ष नुकतेच पूर्ण करत असलेल्या विद्यार्थ्यांना बोलवावे, कारण त्यांच्या आठवणी अजून ताज्या असतात. आठ-दहा जणांच्या गटाशी तासभर बोलले तरी चालते. मात्र हे विद्यार्थी निवडताना वर्ग प्रतिनिधी आणि पारितोषिक विजेते यांच्यावरच थांबू नये. रोज दीड तास एसटीने येणारी मुलगी, वसतिगृहात जागा न मिळाल्याने गावातील खोलीत राहणारा मुलगा, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले विद्यार्थी, परप्रांतातून आलेले, अपंग विद्यार्थी आणि विशेषतः दिवाळीनंतर परत न आलेले विद्यार्थी यांच्याकडून जे कळते, ते इतर कोठूनही कळत नाही. सोडून गेलेल्यांना दूरध्वनी करणे अवघड वाटते. पण शिक्षकाने स्वतः केलेल्या फोनला बहुतेक घरांतून मोकळेपणाने उत्तर मिळते, असा माझा अनुभव आहे. प्रश्न साधे ठेवावेत: पहिल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी निघून जावेसे वाटले, त्या दिवशी काय घडले होते, आणि तेव्हा कोणाशी बोललात.

समितीत शिक्षकांबरोबर वसतिगृहाचे रेक्टर, ग्रंथपाल, प्रवेश व शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसणारे लिपिक, सुरक्षा रक्षकांचे प्रमुख आणि द्वितीय वर्षाचे किमान चार विद्यार्थी असावेत. नवा विद्यार्थी प्रवेशद्वारातून आत येतो तेव्हा त्याच्याशी बोलणारा पहिला माणूस सुरक्षा रक्षक असतो आणि दुसरा खिडकीमागचा लिपिक असतो. या दोघांचे बोलणे कसे आहे, यावर त्या मुलाचे परिसराविषयीचे मत ठरते, आणि कुलगुरूंचे स्वागतपर भाषण त्यानंतर बऱ्याच वेळाने येते. म्हणून या कर्मचाऱ्यांना समितीत जागा द्यावी आणि त्यांच्या सूचना इतिवृत्तात नोंदवाव्यात.

तारखा आणि वेळा

महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अनेक फेऱ्यांतून होतात, त्यामुळे एकाच वर्गातील विद्यार्थी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने येत राहतात. शेवटच्या फेरीतून आलेल्या विद्यार्थ्याला गट तयार झालेले दिसतात, बाके ठरलेली दिसतात, आणि आपण कोणाच्या तरी जागेवर बसलो आहोत ही भावना त्याच्या मनात घर करते. यावर उपाय म्हणजे दीक्षारंभाची संपूर्ण दुसरी फेरी ठेवणे, आणि तिच्यात नवागतांबरोबर त्यांच्या गटातील आधी आलेले दोन विद्यार्थीही बसवणे. चारऐवजी दोन दिवसांत ही फेरी आटोपता येते, मात्र “आधीच्यांना विचारून घ्या” असे सांगून ती वगळू नये.

कार्यक्रमाची वेळ ठरवण्यापूर्वी बसचे वेळापत्रक मागवून घ्यावे. सायंकाळचे सांस्कृतिक कार्यक्रम वसतिगृहातील मुलांना आनंद देतात. परंतु शेवटची एसटी साडेपाचला सुटत असेल तर ये-जा करणाऱ्या मुली पाचलाच दप्तर उचलतात आणि सर्व मैत्री त्यांच्या पाठीमागे होते. ओळख करून देणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत असावी, हा नियम मी कधी मोडत नाही. दुपारचे जेवण सर्वांना एकत्र आणि विनाशुल्क द्यावे. अंदाजपत्रकात शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फलक यांवरचा खर्च कमी केला, तर चार दिवसांच्या साध्या जेवणाचा मोठा भाग त्यातूनच निघतो.

गट कसे करावेत

पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण जमले तर उत्तम, तीसच्या वर मात्र जाऊ नये. गट करताना हजेरीपटाचा क्रम वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. आडनावांच्या क्रमाने केलेल्या गटात एकाच समाजाची, एकाच भागाची मुले नकळत एकत्र येतात. प्रवेशफेरीच्या क्रमाने केले तर गुणांची उतरंड तयार होते. आणि माध्यमानुसार केले तर पहिल्याच दिवशी भिंत उभी राहते. गट हाताने, यादी समोर ठेवून मिसळावेत. तरीही मिसळण्याच्या उत्साहात एक चूक हमखास होते, आणि ती मीही केली आहे: काश्मीरमधून किंवा ईशान्येकडून आलेले चार विद्यार्थी असतील तर “सगळीकडे प्रतिनिधित्व” म्हणून त्यांना चार गटांत एकेक करून टाकले जाते. असा एकटा पडलेला विद्यार्थी गटात शोभेपुरता उरतो. दोन-दोन करून दोन गटांत ठेवले, तर त्यांना आपल्या भाषेत बोलायला माणूस राहतो आणि इतरांशीही ओळख होते. यंत्रशास्त्राच्या वर्गातील मोजक्या मुली, गटात एखाददुसराच येणारा आदिवासी भागातील विद्यार्थी किंवा परदेशी विद्यार्थी यांच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे.

पहिल्या बैठकीत विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभे करून स्वतःची ओळख करून द्यायला लावू नये. गोलाकार बसवून प्रत्येकाने शेजाऱ्याशी पाच मिनिटे बोलावे आणि मग शेजाऱ्याची ओळख गटाला करून द्यावी. या ओळखीत तीन गोष्टी असाव्यात: नाव आणि त्याचा योग्य उच्चार, गाव, आणि त्या व्यक्तीला चांगले करता येणारे कोणतेही एक काम. टक्केवारी, सीईटीचे गुण, आडनावावरून “म्हणजे तुम्ही कुठले?” असा प्रश्न आणि वडिलांचा व्यवसाय या गोष्टी विचारू नयेत, हे शिक्षकाने आरंभीच स्पष्ट सांगावे. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीने सहाध्यायाला प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारणे अयोग्य आहे असे सूचनाफलकांद्वारे विद्यार्थ्यांना कळवले, कारण अशा प्रश्नांतून जात शोधली जाऊ शकते. एका बैठकीत सांगोल्याकडच्या एका मुलाविषयी त्याच्या शेजाऱ्याने सांगितले, “याला डाळिंबाचा बहार धरता येतो.” गटातील निम्म्या मुलांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तोवर मान खाली घालून बसलेल्या त्या मुलाने पाणी कधी तोडायचे, पानगळ कशी करायची, छाटणी किती ठेवायची हे पुढची दहा मिनिटे सांगितले, आणि वर्गातील त्याची ओळख त्या दहा मिनिटांनी ठरली.

परिसर दाखवताना एकेक काम करून घ्यावे

इमारती दाखवत केलेली फेरी कोणाच्याही लक्षात राहत नाही. त्याऐवजी प्रत्येक थांब्यावर विद्यार्थ्याने एक प्रत्यक्ष काम करावे. ग्रंथालयात सदस्यत्व घेऊन एक पुस्तक घरी न्यावे. कार्यालयात बोनाफाईडचा अर्ज स्वतः भरावा आणि तो किती दिवसांत मिळतो हे खिडकीवरच्या व्यक्तीच्या तोंडून ऐकावे. आरोग्य केंद्रात आपली नोंद करावी. समुपदेशकाच्या खोलीत पाच मिनिटे बसून यावे, म्हणजे पुढे गरज पडली तर ते दार अनोळखी राहत नाही. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे हे फेरीचे पहिलेच दोन थांबे असावेत. ते का, हे मी वर सांगितले आहे. वाटेत प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई मामा-मावशी यांची नावासह ओळख करून द्यावी. फेरीचा मार्ग ठरवताना एकदा चाकाच्या खुर्चीवरून तो फिरून पाहावा. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद घेतली आहे आणि त्यांपैकी अनेक डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लेखनिक, जास्तीचा वेळ किंवा पुढचे बाक हवे असल्यास कोणाला सांगायचे हे सर्वांसमोर सांगावे आणि सांगण्याची सोय मात्र खासगी ठेवावी.

शिष्यवृत्तीची खिडकी

परिसराचे वातावरण सर्वांत लवकर कोठे बिघडते, असे मला कोणी विचारले तर मी शिष्यवृत्तीच्या रांगेकडे बोट दाखवीन. दुपारी साडेबारा वाजता, शंभर जणांच्या रांगेसमोर, खिडकीतून आवाज येतो: “एससीवाले इकडे या, ओबीसीवाले तिकडे थांबा, ओपनच्यांनी गर्दी करू नका.” बोलणाऱ्याच्या मनात कोणताही दुजाभाव नसतो, त्याला कागद वेगळे करायचे असतात. परंतु सतरा-अठरा वर्षांची मुले आपापल्या रांगेत सरकतात, आणि जे आजवर कोणाला ठाऊक नव्हते ते संपूर्ण वर्गाला एका मिनिटात कळते. त्यानंतर समतेवर कितीही उत्तम व्याख्यान ठेवले तरी त्या रांगेची आठवण पुसली जात नाही.

यासाठी टोकन पद्धत ठेवावी, टेबलांना योजनांच्या किंवा प्रवर्गांच्या नावांऐवजी क्रमांक द्यावेत, आणि प्रत्येक टेबलावर सर्व योजनांची माहिती असलेली व्यक्ती बसवावी. त्रुटी असलेल्या अर्जांच्या याद्या फलकावर प्रवर्गासह लावू नयेत. त्या विद्यार्थ्याला थेट संदेश पाठवावा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज कसा भरायचा याचे प्रात्यक्षिक संपूर्ण वर्गासाठी एकत्र घ्यावे, कारण राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गातील अनेकांनाही लागू होते. पात्र मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात असलेली पूर्ण सवलत, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वयम् योजना आणि ‘कमवा आणि शिका’ या सर्वांचा एक छापील कागद मराठीत तयार करून प्रत्येकाच्या हाती द्यावा. जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांतले काय कोठून आणि कोणत्या तारखेच्या आत आणायचे, हे त्याच कागदावर मागील बाजूस असावे. हा कागद ज्या घरात जातो, तेथे तो बहुधा कपाटात जपून ठेवला जातो.

ज्येष्ठ विद्यार्थी आणि रॅगिंगचा प्रश्न

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्षाला शिकणाऱ्या अमन काचरू याचा रॅगिंगमध्ये झालेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा मात्र त्याच्याही आधीचा, १९९९ चा आहे. त्यात रॅगिंगसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे इतरत्र प्रवेश मिळत नाही, आणि लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. दीक्षारंभात शिक्षेचे आकडे सगळेच सांगतात. तक्रारीनंतर पुढे काय होते, ती कोणाकडे जाते, तक्रारदाराचे नाव कोणाला कळते, सात दिवसांत काय झाले पाहिजे, हे टप्पे मात्र क्वचितच सांगितले जातात, आणि घाबरलेल्या मुलाला नेमके तेच हवे असते. १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक फलकावर असतोच. तो प्रत्येकाने त्याच वेळी मोबाईलमध्ये जतन करावा, एवढा एक मिनिट कार्यक्रमात राखून ठेवावा. लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीचेही तसेच आहे. समितीच्या सदस्यांनी प्रत्यक्ष येऊन चेहरा दाखवावा, आणि तक्रार सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते हे सांगावे, कारण अनेक मुली “आता उशीर झाला” असे समजून गप्प बसतात.

ज्येष्ठ विद्यार्थ्यांसाठीची बैठक नवी तुकडी येण्यापूर्वी आणि स्वतंत्रपणे घ्यावी. “इंट्रो घेणे” म्हणजे निरुपद्रवी गंमत असे त्यांच्यापैकी बहुतेकांना मनापासून वाटत असते, कारण त्यांनीही ती दिलेली असते. त्यांना गुन्हेगार समजून बोलले तर ते ऐकत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या आठवड्यात त्यांना काय वाटले होते, हे कागदावर नाव न घालता लिहायला सांगावे आणि त्यांतील काही मजकूर मोठ्याने वाचावा. खोलीतील शांतता पुढचे काम करते.

२००९ च्या विनियमांतच एक अत्यंत उपयोगी तरतूद आहे, तिच्याकडे फार कमी संस्था लक्ष देतात: सहा नवागतांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक, आणि अशा सहा मार्गदर्शकांवर त्यांच्याही पुढच्या वर्गातील एक मार्गदर्शक. हे प्रमाण जसेच्या तसे घ्यावे. मार्गदर्शक निवडताना गुणवत्ता यादीकडे पाहू नये. एटीकेटीतून, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाऊन, बाहेर आलेला, खानावळ बदलून पाहिलेला, इंग्रजीशी झगडलेला विद्यार्थी नवागताला अधिक उपयोगी पडतो. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे: ऐकून कसे घ्यायचे, काय वचन देऊ नये, आणि कोणती गोष्ट स्वतःपाशी न ठेवता त्याच दिवशी शिक्षकाला सांगायची. जीव नकोसा झाल्याचे बोलणे, मारहाण, लैंगिक छळ आणि अन्न किंवा शुल्कावाचून अडलेले असणे, या चार गोष्टी गुप्त ठेवायच्या नाहीत, हे नवागतांनाही आधीच सांगून ठेवावे. टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. या कामासाठी सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) किंवा थोडे मानधन देता आले तर अवश्य द्यावे.

एक छोटी, पण हमखास डोकेदुखी ठरणारी बाब म्हणजे व्हॉट्सॲप गट. संपूर्ण वर्गाचा एकच गट केला की प्रत्येक मुलीचा क्रमांक दोनशे जणांना दिसतो. सूचनांसाठी क्रमांक न दिसणारी पद्धत वापरावी, आणि बोलण्यासाठी सहा-सात जणांचा, संमतीने केलेला गट पुरेसा समजावा.

अनुभवकथनाचा तास

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना साधारण तासाभराच्या उपक्रमात ज्येष्ठांचे अनुभव वाचायला दिले गेले. सुरुवातीला आपण येथले नाही असे जवळपास सर्वांनाच वाटते आणि काळाबरोबर ते ओसरते, हा त्या अनुभवांचा आशय होता. पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांमधील गुणांची तफावत त्या गटात निम्म्याने कमी झाली. तेथील परिणाम येथे जसाचा तसा मिळेल असे मी म्हणणार नाही, पण त्यामागचा विचार आपल्या मुलांना तंतोतंत लागू पडतो. पहिल्या परीक्षेत नापास झालेली मुलगी “सगळ्यांनाच जड जातेय” असे समजली तर अभ्यासाला लागते. “मी इथली नाहीच” असे समजली तर बॅग भरते.

आपल्याकडे हा तास बहुधा यशोगाथांचा होतो, आणि त्यामुळे उलटा परिणाम होतो. वक्ते चार असावेत, प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावीत आणि प्रश्न एकच ठेवावा: पहिल्या दोन महिन्यांत काय अडले आणि तेव्हा नेमके काय केले. “मेहनत केली” एवढ्यावर थांबू देऊ नये; कोणत्या मॅडमकडे गेलो, कोणते पुस्तक मराठीतून आधी वाचले, मेसचे पैसे हप्त्याने कसे भरले, असे तपशील काढून घ्यावेत. गरिबी किंवा जात हा प्रदर्शनाचा विषय होणार नाही, याची काळजी आधीच घ्यावी आणि वक्त्याने काय सांगायचे नाही हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

भाषेचा प्रश्न याच आठवड्यात हाताळावा. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी विषयात कच्चा नसतो, त्याला प्रश्न इंग्रजीतून विचारायची लाज वाटते. शिक्षकांनी पहिल्या महिन्यात “प्रश्न मराठीत, हिंदीत, कसाही विचारा” असे नुसते सांगू नये, स्वतःही एखादे उत्तर मराठीत द्यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेली मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय आणि श्रेयांक यांची रचना नव्या मुलांना पार गोंधळात टाकते. तिच्यासाठी भाषण न ठेवता प्रत्येक गटात मार्गदर्शकाने स्वतःचे निकालपत्रक समोर ठेवून समजवावे. अर्ध्या तासात काम होते.

पालक, वसतिगृह आणि मेस

पालकांची बैठक रविवारी घ्यावी, मराठीतून घ्यावी, आणि त्यांना बसायला खुर्च्या असाव्यात. शेतात मजुरी करणारे आई-वडील रोजगार बुडवून येतात, त्यांना जिन्यात उभे ठेवले की मुलाची मान कायमची खाली जाते. वर्षाचा संपूर्ण खर्च महिन्यांनुसार लिहून एका पानावर द्यावा, आणि तक्रार करायची असल्यास कोणाला फोन करायचा ते त्याच पानावर असावे. पुढच्या वर्षी हीच मुले ज्येष्ठ होणार असल्याने, २००९ च्या विनियमांप्रमाणे वर्षाअखेर पालकांना रॅगिंगविषयी पत्रही पाठवायचे असते.

वसतिगृहात नवागतांची व्यवस्था ज्येष्ठांपासून वेगळी असणे विनियमांना अपेक्षित आहे. खोल्या देताना गटांचेच तत्त्व वापरावे. मेसमध्ये कोणी कोठे बसायचे याचे अलिखित नियम पहिल्या आठवड्यातच तयार होतात, विशेषतः ताटात काय आहे यावरून. रेक्टरांनी आणि गटशिक्षकांनी पहिले चार-पाच दिवस तेथेच, वेगवेगळ्या टेबलांवर जेवावे. लेखी सूचनेपेक्षा हे अधिक चालते.

दिवाळीपर्यंतचा पाठपुरावा

विनियमांनुसार पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवागतांची निनावी पाहणी अपेक्षित आहे. तीच पाहणी थोडी विस्तारून वातावरण मोजण्यासाठी वापरता येते. सहा प्रश्न पुरेत: तुम्हाला नावाने ओळखणारा शिक्षक आहे का, आजारी पडलात तर वर्गातील कोणाला कळवाल, गेल्या दोन आठवड्यांत कोणी जातीवरून, भाषेवरून, दिसण्यावरून किंवा गावावरून लागेल असे बोलले का, वर्गात प्रश्न विचारला का, एकट्याने जेवलात असे किती दिवस झाले, सोडून जावे असे वाटले का. उत्तरे वाचताना फार लहान गटांची आकडेवारी वेगळी काढू नये, नाहीतर वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांचे उत्तर सर्वांना ओळखू येते. पाहणीतून निघालेल्या एका तरी गोष्टीवर पंधरा दिवसांत काही करावे आणि ते वर्गात जाऊन सांगावे. अन्यथा तिसऱ्या पाहणीपर्यंत कोणी खरे लिहीत नाही.

हजेरीचा उपयोगही याच कामासाठी करावा. पंचाहत्तर टक्क्यांची अट सत्राच्या शेवटी दाखवून काही साधत नाही. सलग चार दिवस गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याला पाचव्या दिवशी गटशिक्षकाने फोन करावा, आणि पहिले वाक्य “का आला नाहीस?” असे नसावे, “बरा आहेस ना?” असे असावे.

माझ्या आखणीत दीक्षारंभाचा शेवटचा दिवस दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला सोमवार असतो. सुटीत घरी गेलेली काही मुले परततच नाहीत, आणि हे बहुतेक ठिकाणी जानेवारीत, परीक्षा अर्जांची संख्या कमी भरल्यावर लक्षात येते. त्या सोमवारी पहिला तास गटशिक्षकाचा असावा. यादी घेऊन बसावे, प्रत्येकाला नावाने विचारावे की घरी काय काय झाले, फराळ कोणी आणला आहे का, आणि जी दोन-तीन नावे रिकामी राहतील त्यांच्यापुढे खूण करून दुपारच्या आत तेथूनच फोन लावावेत. गेल्या वर्षी अशा एका फोनवर आईने सांगितले की मुलगी कापूस वेचायला गेली आहे, वेचणी उरकली की पाठवते, पण हॉस्टेलचे पैसे जमलेले नाहीत. पैसे कोठून उभे करता येतील हे आम्ही त्याच फोनवर बोललो, आणि गुरुवारी ती वर्गात होती.